प्रवाळभित्तीवरची मासेमारी आणि संगणकाचं मॉडेल: वाचकांचे प्रश्न

प्रवाळभित्तीच्या परिसरात किती मासा, केवढा मासा आणि कधी पकडावा हे ठरवताना आता संगणकी मॉडेलचा आधार घेतला जातो. या विषयावर पुणे शहर आणि उपनगरांतून आलेल्या प्रश्नांना इथे उत्तरं दिली आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: मॉडेल समुद्रातले मासे मोजतं का? प्रोग्रॅमिंग फारसं न येणाऱ्याला घरच्या लॅपटॉपवर असं काही करून पाहता येईल का?
— विद्यार्थिनी, कोथरूड

उत्तर: मासे मोजायचं काम माणसांनाच करावं लागतं. मॉडेल हिशेब ठेवतं: यंदा पाण्यात इतका मासा आहे, त्यात इतकी भर पडेल, इतका पकडला जाईल, मग पुढच्या वर्षी काय उरेल? या हिशेबाची सगळ्यात साधी रीत मिलनर शेफर यांनी १९५४ साली मांडली. ती एक्सेलमध्ये अर्ध्या तासात उभी राहते.

चार रकाने करा: वर्ष, वर्षाच्या सुरुवातीचा साठा, वर्षभरातली वाढ आणि पकड. मासेमारी नसती तर त्या भित्तीवर १०० टन मासा मावला असता असं धरा. ही तिची धारणक्षमता. वाढीचा मूळ दर ०.४ धरा. वाढीच्या रकान्यात सूत्र घाला: ०.४ गुणिले साठा गुणिले (१ वजा साठा भागिले १००). पुढच्या वर्षीचा साठा म्हणजे यंदाचा साठा अधिक वाढ वजा पकड. साठा शंभरावर असताना वाढ शून्य येते, कारण जागाही भरलेली आणि खाणारी तोंडंही भरपूर. साठा ५० टनांवर आला की वाढ सगळ्यात जास्त, वर्षाला १० टन.

आता पहिल्या वर्षीचा साठा १०० टन धरा, पकडीत दर वर्षी १२ टन लिहा आणि सूत्र तीस ओळी खाली ओढा. दहा वर्षांनी साठा ५३.८ टन दिसेल, वीस वर्षांनी ३१ टन, पंचवीस वर्षांनी जेमतेम साडेपाच टन. सव्विसाव्या वर्षी १२ टन मासा पाण्यातच नसतो. या पंचवीस वर्षांत बंदरावरच्या नोंदवहीत मात्र दर वर्षी १२ टनच लिहिलेले असतात. नुसती पकड बघून निर्धास्त राहणाऱ्याला शेवटच्या वर्षापर्यंत काहीच कळत नाही. म्हणून पकडीबरोबर ती मिळवायला किती तास, किती गळ, किती माणसं लागली याची नोंद हवीच. वीस वर्षांनी तेवढ्याच १२ टनांसाठी तिप्पट वेळ समुद्रात काढावा लागतो, आणि खरी खूण तीच.

आता नियम बदला. ठरावीक टनांऐवजी दर वर्षी साठ्याच्या २० टक्के पकड धरा. साठा ५० टनांवर स्थिरावतो आणि पकड १० टन मिळते. १५ टक्के धरली तर साठा ६२.५ टनांवर थांबतो आणि पकड ९.४ टन. म्हणजे वर्षाला जेमतेम ०.६ टन सोडून दिलं की पाण्यात १२.५ टन जास्त मासा राहतो.

खरी गंमत पुढच्या पायरीला आहे. वाढीचा दर ०.४ हा आपला अंदाज होता. तो प्रत्यक्षात ०.३ असेल तर? जिथे ०.४ आहे तिथे ०.३ घाला. ‘दर वर्षी १० टन’ हा नियम, जो मघाशी सर्वाधिक वाढच १० टन असल्याने सुरक्षित वाटला असता, तो आता चोविसाव्या वर्षाअखेर साठा एका टनाच्या खाली नेतो. २० टक्क्यांचा नियम साठा ३३ टनांवर आणतो आणि पकड ६.७ टन देतो. १५ टक्क्यांचा नियम साठा ५० टनांवर ठेवतो आणि पकड ७.५ टन देतो, म्हणजे त्या परिस्थितीत मिळू शकणारी जास्तीत जास्त. वाढीचा दर दशांश चिन्हापुढे अचूक माहीत असलेली प्रवाळभित्ती जगात नाही. म्हणून मॉडेलकडून ‘किती टन पकडू?’ याचं उत्तर मागण्यापेक्षा ‘माझा अंदाज चुकला तरी कोणता नियम तग धरेल?’ हे विचारावं. पुढच्या सगळ्या उत्तरांत हाच मुद्दा वेगवेगळ्या रूपांत येईल.

प्रश्न: गणेश पेठेतल्या मासळी बाजारात घाऊक मासा येतो. आमच्या विद्यार्थ्यांनी तिथे माशांच्या लांब्या मोजल्या तर अशा मॉडेलला त्या चालतील का?
— प्राणिशास्त्राचे अध्यापक, शिवाजीनगर

उत्तर: हात बसायला, जाती ओळखायला बाजार उत्तम आहे. मॉडेलसाठी मात्र ती आकडेवारी वापरू नका. पुण्यात पोचेपर्यंत माशाची प्रतवारी झालेली असते. मोठा हेकरू आणि मोठी तांबोशी हॉटेलांकडे किंवा निर्यातीला गेलेली, बारीक माल किनाऱ्यावरच खपलेला, आणि बर्फाच्या एका पेटीत दोन-तीन बंदरांचा माल एकत्र झालेला. लांबीवर चालणारी मॉडेलं ‘मोठे मासे किती कमी झाले’ एवढ्या एकाच खुणेवरून साठ्याची अवस्था ओळखतात. मोठे मासे व्यापाऱ्याने आधीच काढून घेतले असतील तर मॉडेलला वाटतं ते समुद्रातूनच संपले.

मोजणी होडी लागते तिथे, प्रतवारीच्या आधी करायची. साधन म्हणजे एक लाकडी फळी, एका टोकाला उभी पट्टी, मधोमध चिकटवलेली मोजपट्टी. माशाचं तोंड मिटवून पट्टीला टेकवा आणि लांबी खालच्या पूर्ण सेंटिमीटरला लिहा. शेपटीच्या टोकापर्यंतची एकूण लांबी घेतली की शेपटीच्या खाचेपर्यंतची, हे प्रत्येक पानावर नोंदवा. खोल दुभंगलेल्या शेपटीच्या माशात या दोन मापांत सहज १० टक्क्यांचा फरक पडतो आणि दोन विद्यार्थ्यांनी दोन रीती वापरल्या की अख्खी वही वाया जाते. प्रत्येक नमुन्याबरोबर जाळं की गळ, जाळ्याचा आस (भोकाचा आकार) किंवा गळाचा आकार, खोली आणि अंदाजे ठिकाण लिहा. होडीतला माल मोठा असेल तर टोपली न निवडता घ्या आणि त्या टोपलीतला प्रत्येक मासा मोजा; वरचे-वरचे घेतले की मोठे जास्त येतात. एका जातीचे काही शे मासे, वर्षाच्या वेगवेगळ्या महिन्यांत विभागून, ही किमान गरज धरा.

मग मॉडेलला चार गोष्टी द्यायच्या: या लांब्या, जात सरासरी किती लांबीपर्यंत वाढते, निम्मे मासे कोणत्या लांबीला प्रजननक्षम होतात, आणि नैसर्गिक मृत्युदराचं वाढीच्या वेगाशी गुणोत्तर. उत्तर टक्क्यांत येतं: मासेमारी नसती तर या साठ्याने जेवढी अंडी घातली असती त्याच्या किती टक्के आता घातली जातात. ४० टक्क्यांच्या आसपास असेल तर ठीक. २०च्या खाली गेलं तर साठा स्वतःची भरपाई करू शकेल याची खात्री राहत नाही.

घोळ बहुतेक वेळा दोन ठिकाणी होतो, आणि दोन्ही वेळा उत्तर खऱ्यापेक्षा गोड येतं. पहिला कमाल लांबीचा. वर्षानुवर्षं ओरबाडलेल्या भित्तीवर सगळ्यात मोठा दिसलेला मासाच मुळात लहान असतो. त्यावरून कमाल लांबी ठरवली की मॉडेलला मोठ्या माशांची उणीव जाणवतच नाही. तेव्हा संरक्षित भागातली किंवा जुन्या नोंदींतली लांबी घ्या. दुसरा घोळ गुणोत्तराचा. बऱ्याच जणांच्या हाताशी १.५ हा तयार आकडा असतो. पण भित्तीवरच्या कित्येक जाती लहानपणी भराभर वाढतात आणि मग दीर्घकाळ जगतात. त्यांचं गुणोत्तर १ च्याही खाली जातं. तिथे १.५ वापरलं की ‘मोठे मासे मुळात कमीच असतात’ असं मॉडेल समजून चालतं आणि खालावलेला साठा निरोगी ठरवतं. दोन-तीन वेगवेगळ्या आकड्यांनी मॉडेल चालवून सगळी उत्तरं शेजारी-शेजारी छापा. एकच उत्तर छापणाऱ्या अहवालावर आमचा विश्वास बसत नाही.

प्रश्न: बांगड्यासाठी वापरतात तेच मॉडेल हेकरू आणि तांबोशीला का चालत नाही?
— वाचक, कर्वेनगर

उत्तर: बांगड्याचं आयुष्य थोड्या वर्षांचं, वाढ वेगाची, थवे खुल्या पाण्यात. भित्तीवरच्या काही तांबोश्या ३०-४० वर्षं जगतात, त्यामुळे चुकीची भरपाई व्हायला एक पिढी जाते. हेकरूच्या अनेक जाती आधी मादी असतात आणि मोठ्या झाल्यावर नर होतात. मोठेच मासे उचलले की नर संपतात. साठ्याचं एकूण वजन बरं दिसत असतानाही अंडी फलित व्हायची राहतात. त्यामुळे मॉडेलमध्ये नर-मादीचे हिशेब वेगळे ठेवावे लागतात आणि ‘किमान लांबी’ एवढा एकच नियम पुरत नाही. काही मोठे मासे मुद्दाम सोडणारी कमाल लांबीही तपासून पाहावी लागते.

त्याहून फसवी गोष्ट म्हणजे विणीचे मेळे. हेकरूच्या कित्येक जाती वर्षातल्या ठरावीक महिन्यांत, चांद्रतिथीला धरून, ठरावीक ठिकाणी गोळा होतात. आजूबाजूच्या मैलोन्‌मैल भित्तीवरचा मासा एका जागी आलेला असतो. साठा निम्म्यावर आला तरी त्या जागी दर तासाला तितकाच मासा लागतो, कारण उरलेले सगळे तिथेच येतात. पहिल्या उत्तरात तासागणिक पकड ही खरी खूण म्हटली, ती इथे खोटी ठरते. मेळ्यावरची पकड आणि इतर दिवसांची पकड वेगळ्या रकान्यांत नोंदवा; साठ्याचा कल फक्त दुसऱ्या रकान्यावरून काढा.

प्रश्न: पोपटमासा मारला की प्रवाळ मरतं असं वाचलं. हे मॉडेलमध्ये कसं घेतात? मग तो अजिबात पकडूच नये का?
— गृहिणी आणि हौशी डायव्हर, औंध

उत्तर: पोपटमासा खडकावरचं शैवाल खरवडून खातो. मोकळी झालेली ती जागा प्रवाळाच्या नव्या पिल्लांना बसायला मिळते. कॅरिबियन समुद्रात १९८३-८४मध्ये शैवाल खाणारे काळे सागरी साळिंदर (सी-अर्चिन) रोगाने जवळपास सगळीकडे मेले आणि चरण्याचा सगळा भार पोपटमाशांवर आला. तिथल्या मॉडेलमध्ये म्हणूनच दोन हिशेब जोडलेले असतात: एक माशांचा, दुसरा खडकाच्या पृष्ठभागाचा, म्हणजे किती टक्क्यांवर प्रवाळ, किती टक्क्यांवर शैवाल, किती मोकळा. दर सहा महिन्यांत किती पृष्ठभाग चरला गेला हा दोघांमधला दुवा. चरणं एका मर्यादेखाली गेलं की वादळानंतर किंवा विरंजनानंतर (पाणी तापून प्रवाळ पांढरं पडल्यावर) भित्ती परत प्रवाळाकडे न वळता शैवालाकडे सरकते.

यीव्ह-मारी बोझेक, पीटर मंबी आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली अशाच जोडमॉडेलवरून कॅरिबियनसाठी थेट नियम सुचवला: ३० सेंटिमीटरपेक्षा लहान पोपटमासा पकडू नये, आणि पकडण्याजोग्या साठ्याच्या १० टक्क्यांहून कमी पकड ठेवावी. बेलीझने तर २००९मध्येच पूर्ण बंदी घातली होती. हे आकडे उचलून लक्षद्वीपला लावू नका. हिंदी महासागरात शैवाल खाणाऱ्या जाती कितीतरी जास्त आहेत, मोठ्या पोपटमाशांची भूमिका वेगळी आहे, आणि भित्ती सावरण्याचा वेगही निराळा. रीत उचलावी, आकडे स्थानिक मोजणीतून यावेत.

तुम्ही डायव्हिंग करता म्हणून मोजणीबद्दल थोडं सविस्तर. नेहमीची रीत म्हणजे ५० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद पट्टा. टेप पसरताना मासे बिचकतात, म्हणून मोजणारा पुढे आणि टेप सोडणारा मागे. जात आणि अंदाजे लांबी पाण्यातल्या पाटीवर लिहायची, लांबीवरून वजन सूत्राने काढायचं. पट्टा २५० चौरस मीटरचा, म्हणून एकूण वजनाला ४०ने गुणलं की हेक्टरी वजन मिळतं. वजन लांबीच्या साधारण तिसऱ्या घातात वाढतं, त्यामुळे लांबीचा अंदाज १० टक्क्यांनी जास्त धरला तर वजन ३३ टक्क्यांनी फुगतं. पाण्यात वस्तू मोठी दिसते, तेव्हा हा दोष नवख्या डायव्हरकडून हमखास होतो. पीव्हीसी नळीचे वेगवेगळ्या लांबीचे तुकडे पाण्यात टांगून, आधी अंदाज आणि मग खरं माप, असा सराव केल्याशिवाय कुणाची मोजणी मॉडेलमध्ये घेऊ नये.

मोजणीचं काय करायचं, तर तुलनेला एक मोजमाप आहे. जगभरातल्या ८३२ भित्त्यांवरच्या २०१५ सालच्या अभ्यासात मासेमारी नसलेल्या भित्तीवर हेक्टरी साधारण १,००० किलो मासा असतो असं आढळलं, आणि निम्मा, म्हणजे ५०० किलो, शिल्लक असेल तर भित्तीची बरीचशी कामं चालू राहतात. तुमच्या पट्ट्यात १२.५ किलो मासा भरला तर तो हेक्टरी ५०० किलो झाला. एका पट्ट्यावरून मात्र काहीच ठरवू नका. एक मोठा थवा पट्ट्यातून गेला की आकडा तिप्पट होतो.

प्रश्न: मी डेटावर काम करतो. सगळी अन्नसाखळी एका मॉडेलमध्ये घालता येत असताना एकेका जातीचं मॉडेल कशाला करायचं?
— सॉफ्टवेअर अभियंता, हिंजवडी

उत्तर: अन्नसाखळीचं मॉडेल जन्मलंच प्रवाळभित्तीवर. हवाईजवळच्या फ्रेंच फ्रिगेट शोल्स या भित्तीसाठी जेफ्री पोलोविना यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला इकोपाथ तयार केलं. पुढे डॅनिएल पॉली, व्हिली क्रिस्टेन्सन आणि कार्ल वॉल्टर्स यांनी ते वाढवलं आणि काळाबरोबर बदलणारा इकोसिम हा भाग आला. सॉफ्टवेअर मोफत आहे. अडचण माहितीची आहे.

सुरुवात १५ ते २५ गटांनी करा; एकसारखं खाणाऱ्या-जगणाऱ्या जातींचा एक गट. साठ गटांचं मॉडेल पाहुण्यांना दाखवायला बरं, पण त्यातले चाळीस गट दुसऱ्या समुद्राच्या आकड्यांवर उभे असतात. प्रत्येक गटासाठी जैवभार (पाण्यातलं त्याचं एकूण वजन), वर्षभरात जैवभाराच्या किती पट उत्पादन, किती पट खाणं, आणि कोण कुणाला किती टक्के खातं याचा तक्ता लागतो. उत्पादनाचं हे प्रमाण एकूण मृत्युदराइतकं असतं. लांबीच्या नोंदींतून तो काढता येतो. उत्पादन भागिले खाणं हे बहुतेक गटांत ०.१ ते ०.३च्या दरम्यान यायला हवं. त्याबाहेर असेल तर आकडा टंकताना चुकलाय किंवा एकक.

पहिल्यांदा चालवल्यावर काही गटांत ‘जेवढं तयार होतं त्यापेक्षा जास्त खाल्लं गेलं’ असं दिसेलच. छोट्या माशांत आणि खेकडे-कोळंबीच्या गटांत हे विशेष होतं. अशा वेळी जैवभार वाढवून आकडा बसवण्याचा मोह टाळा. आधी भक्षकाच्या आहाराचा तक्ता तपासा. हेकरूला खोलातून वर ओढलं की पोटातलं अन्न बाहेर पडतं, त्यामुळे रिकामी पोटं जास्त मिळतात आणि उरलेल्या पाच-दहा पोटांवरून आहार ठरतो. दोष बहुधा तिथेच असतो. दुसरी हमखास चूक म्हणजे खडकावरचं बारीक, गवतासारखं शैवाल विसरणं. त्याचा जैवभार नगण्य दिसतो, पण ते दिवसागणिक उगवतं आणि शाकाहारी माशांचा बराचसा चरा तेच असतं. ते नसलं की मॉडेलमधले पोपटमासे उपाशी मरतात.

इकोसिममध्ये आणखी एक आकडा लपलेला आहे: भक्ष्य भक्षकाच्या तावडीत किती सहज सापडतं. सॉफ्टवेअर तो प्रत्येक जोडीसाठी २ धरून देतं. तो तसाच ठेवून ‘हेकरू वाचवले तर लहान मासे इतके घटतील’ असं सांगणारे आलेख काढता येतात, दिसतातही देखणे, पण भित्तीशी त्यांचा संबंध नसतो. हा आकडा जुन्या वर्षांच्या पकडीशी आणि मोजणीशी जुळवून घ्यावा लागतो. दहा-पंधरा वर्षांची मालिका नसेल तर इकोसिमचं भाकीत धोरणासाठी वापरू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. अशा ठिकाणी एकेका जातीचं साधं मॉडेल आणि चरण्याचा हिशेब जास्त कामाचा.

प्रश्न: पाषाणला आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेत प्रत्यूष आणि अर्कसारखे महासंगणक आहेत. माशांच्या मॉडेलला असं काही लागतं का?
— निवृत्त अभियंते, बाणेर

उत्तर: वर सांगितलेल्या कुठल्याही मॉडेलला लागत नाही. महासंगणकाचं काम हवामान आणि सागरी प्रवाह काढण्याचं. प्रवाहांची ती तयार माहिती मात्र एका प्रश्नाला फार उपयोगी पडते: मासेमारीबंद क्षेत्र कुठे असावं?

भित्तीवरच्या बहुतेक माशांची पिल्लं जन्मल्यावर काही आठवडे उघड्या समुद्रात वाहत असतात. हेकरूची साधारण ४० दिवस. पार्सल्स किंवा ओपनड्रिफ्ट ही पायथनमधली मोफत साधनं घेऊन प्रत्येक भित्तीवरून विणीच्या महिन्यांत रोज काही शे कण सोडायचे, प्रवाहाबरोबर वाहू द्यायचे आणि कुठल्या भित्तीजवळ किती पोचले ते मोजायचं. जिथून जास्त कण इतर भित्त्यांना पोचतात ती जागा आधी राखावी. अरबी समुद्रात महिना चुकवू नका. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह नैर्ऋत्य मोसमी काळात दक्षिणेकडे वाहतो आणि हिवाळ्यात उत्तरेकडे. जुलैचे प्रवाह वापरून जानेवारीत विणणाऱ्या जातीसाठी क्षेत्र आखलं तर ते नेमकं उलट्या बाजूला येईल.

जागतिक प्रवाहांची जाळी साधारण ९ किलोमीटरची असते, आणि लक्षद्वीपची कित्येक कंकणद्वीपं त्याहून लहान. खाजणातलं संथ पाणी त्या जाळीला दिसत नाही, शिवाय मोठी होत आलेली पिल्लं स्वतः पोहून भित्ती गाठतात. दोन्हीमुळे ‘इथली पिल्लं इथेच परततात’ हे प्रमाण मॉडेल कमी दाखवतं. भित्तीपासून किती अंतरात आलेला कण ‘पोचला’ धरायचा, ते अंतर ५ आणि १० किलोमीटर असं बदलून बघा. दोन्हींत ज्या जागा पुढे राहतात त्यांवरच भर द्या.

प्रश्न: समुद्र तापून प्रवाळ पांढरं पडतं, तेव्हा ही सगळी मॉडेलं निकामी होत नाहीत का?
— वाचक, सहकारनगर

उत्तर: धारणक्षमता कायम धरली असेल तर होतात. पहिल्या उत्तरातले १०० टन उभ्या, फांद्याफांद्यांच्या प्रवाळाच्या भरवशावर होते. विरंजनानंतर सांगाडा काही वर्षं उभा राहतो, मग तुटतो आणि लहान माशांचा आसरा जातो. मोठे मासे तोवर जाळ्यात येतच असतात, त्यामुळे पकडीत घट दिसायला काही वर्षं लागतात आणि नेमक्या त्या वर्षांत जास्त उचल होते.

उष्णतेचा ताण ‘अंश-आठवड्यां’त मोजतात. तिथल्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा पाणी निदान १ अंशाने वर असेल ते आठवडे घ्यायचे आणि त्यांतल्या जादा अंशांची बारा आठवड्यांची बेरीज करायची. ४ झाले की विरंजनाची शक्यता, ८ झाले की मोठ्या प्रमाणावर मृत्यू. हैदराबादची इन्कॉइस संस्था आपल्या भित्त्यांसाठी असे इशारे देते. नियमातच तरतूद असावी: ८ ओलांडले की पुढची काही वर्षं पकडीचा दर आपोआप खाली, आणि शैवाल खाणाऱ्या माशांची पकड सगळ्यात आधी बंद. त्या वेळी बैठका घेऊन ठरवू म्हटलं तर हंगाम निघून जातो.

सगळ्या भित्त्या सारख्या पडत नाहीत. सेशेल्समध्ये १९९८च्या विरंजनानंतर २१ पैकी १२ भित्त्या सावरल्या आणि ९ शैवालाखाली गेल्या. मुळात जास्त उंचसखल आणि जास्त खोल असलेल्या भित्त्या सावरण्याची शक्यता जास्त होती. या दोन गोष्टी मोजायला डायव्हरच्या मनगटावरचा खोलीमापक आणि डोळसपणा पुरतो. त्या नोंदीतच असाव्यात.

प्रश्न: आम्ही हडपसरला राहतो, पण गावी मालवणकडे चुलत्यांची होडी आहे. उद्या कुणी मॉडेल दाखवून बंदी आणली तर मच्छीमाराने काय विचारावं?
— वाचक, हडपसर

उत्तर: तुमच्या चुलत्यांना हे विचारायचा पूर्ण हक्क आहे, आणि चांगलं मॉडेल करणारा या प्रश्नांची वाटच बघत असतो.

पहिलं विचारा: आकडे कुठले? मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, २९.१२ चौरस किलोमीटरचं. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक आहे, जिचा माथा सुमारे २० मीटर खोल आहे. दोन्हीकडे प्रवाळ, पण पाणी, खोली आणि मासेमारीची रीत अगदी वेगळी. एकाचे आकडे दुसऱ्याला लावलेले असतील तर तिथेच थांबवा.

दुसरं: किती वेगवेगळ्या शक्यतांवर नियम तपासला? योग्य रीत अशी. संगणकात एक नव्हे, बरेच ‘खोटे समुद्र’ तयार करायचे: एकात वाढ वेगाची, दुसऱ्यात संथ, तिसऱ्यात दर आठ वर्षांनी विरंजन, चौथ्यात निम्मी पकड नोंदवहीत न आलेली. प्रत्येकातून मुद्दाम चुका घातलेली आकडेवारी काढायची, त्या आकडेवारीवर नियम लावायचा, वीस-तीस वर्षं पुढे न्यायचं, आणि हे हजारदा करायचं. मग प्रत्येक नियमापुढे तीन आकडे मांडायचे: शंभरातल्या किती वेळा साठा धोक्याखाली गेला, सरासरी पकड किती, आणि पहिल्या तीन वर्षांत पकड किती घटली. तिसरा आकडा अहवालात बहुधा नसतो. होडीचा हप्ता मात्र त्याच तीन वर्षांत भरायचा असतो, म्हणून तो मागून घ्या. टप्प्याटप्प्याने लागू होणारा नियम कित्येकदा तितकंच रक्षण करतो, फक्त दोन-चार वर्षं उशिरा.

तिसरं: आधीचे नियम हिशेबात आहेत का? यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै बंदी आहेच, आणि महाराष्ट्राने २०२३मध्ये ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवली. पण या दोन महिन्यांत हेकरूची वीण येते की नाही, हे दर महिन्याला मासा चिरून गाभोळी तपासल्याशिवाय कळत नाही. हे काम चुलत्यांच्या होडीवर होऊ शकतं: महिन्याला वीस-तीस मासे, प्रत्येकाची लांबी, वजन, गाभोळीचं वजन आणि तारीख. वर्षभराची अशी वही असेल तर बंदीचे महिने कोणते असावेत हे तुमच्याच वहीवरून ठरेल.

आणि विणीच्या मेळ्याची जागा ठाऊक असेल तर ती अभ्यासकाला सांगताना एक अट घाला: नकाशावर छापताना तो ठिपका मोठ्या चौकोनात लपवायचा. नेमके अक्षांश-रेखांश एकदा बाहेर पडले की दुसऱ्या बंदरांच्या नौका तिथे पोचायला एक हंगामही लागत नाही.